मधला दिवा

भाऊ, परवा जळगावात तुमची शोकसभा झाली आणि मी मधूनच उठून बाहेर आलो. लोकांना वाटलं, मला रडू आलं. रडू आलं नव्हतं. राग आला होता, आणि तो अजून उतरलेला नाही.

व्यासपीठावरून जे गृहस्थ तुम्हाला 'खानदेशचे उपेक्षित संशोधक' म्हणत होते, ते औद्योगिक वसाहतीतल्या चहाच्या टपरीवर तुम्हाला 'दारवाले' म्हणून हाक मारायचे. "काय दारवाले, आज कोणाला वाजवलं?" असं विचारायचे आणि स्वतःच हसायचे. तुम्ही बाकावर सरकून त्यांना जागा करून द्यायचात. परवा त्यांनी सांगितलं की तुम्ही विमानतळासाठी धातू ओळखणारं दार बनवलं, सरकारी चाचणीत ते नापास झालं, कारण सरकारला आपल्या माणसाची किंमत नाही. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. त्या चाचणीचा तक्ता माझ्या हाताने भरलेला आहे, हे तुमच्या-माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, अशी तेव्हा माझी समजूत होती.

म्हणून हे लिहितो आहे. तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती, हे त्यांचं सांगून झालं. मला तुमच्याशी भांडायचं आहे.

आधी उपकाराचं बोलतो, कारण त्याशिवाय राग समजायचा नाही. माझ्या घरात माझ्याआधी कुणी दहावीपलीकडे गेलं नव्हतं. धुळ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा प्रवेशअर्ज इंग्रजीत होता. तो घेऊन मी धरणगावहून तुमच्या जळगावच्या शेडमध्ये आलो, कारण आमच्या ओळखीत यंत्राशी संबंध असलेले तुम्ही एकटेच. तुम्ही आयटीआय झालेले. चोपड्यापासून भडगावपर्यंतच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी तुमच्याकडे नव्याने तार भरून घ्यायला यायच्या. तो अर्ज तुम्हालाही पुरता कळला नाही. आपण दोघांनी शब्दकोश समोर ठेवून सबंध दुपार त्यात घातली. छंद या रकान्यात काय लिहायचं, ते दोघांनाही सुचेना.

"वाइंडिंग लिख," तुम्ही म्हणालात.

"मला कुठे येतं?"

"प्रवेश भेटू दे, शिकाडसू."

आणि शिकवलंत. दर सुट्टीत मी शेडमध्ये यायचो. तांब्याची तार किती ताणली की तुटत नाही आणि सैलही पडत नाही, हे मला कुठल्याच प्राध्यापकाने शिकवलं नाही. पुढे सरकारी नोकरीच्या मुलाखतीत मला कॉइलबद्दल विचारलं, तेव्हा तोंडाने सांगायला इंग्रजी पुरेना, म्हणून मी हातांनी हवेत गुंडाळून दाखवली. साहेब लोक हसले आणि मला घेतलं. ती नोकरी तुमच्या हातांनी मिळवलेली आहे. मी ते कधी नाकारलं नाही. म्हणजे, एकदाच नाकारलं. त्याच्यावर येतो.

लोकांना वाटतं, विमानतळावरचं दार ही दिल्ली-मुंबईची गोष्ट. तुमचं दार धरणगावच्या जिनिंगमधून आलं. कापसाच्या गाडीत कधी विळ्याचा तुकडा, कधी खिळा येतो. तो सरकी काढायच्या यंत्रात गेला की ठिणगी पडते आणि कापूस पेट घेतो. तुम्ही त्यांना तारेचं एक मोठं कडं करून दिलं होतं. त्यातून कापूस जायचा. लोखंड असलं की घंटा वाजायची. त्या काळात विमानं पळवण्याच्या बातम्या वरचेवर छापून यायच्या, आणि माणसं तपासायची दारं आपण बाहेरच्या देशांतून मागवतो असंही त्यात असायचं. एक दिवस तुम्ही वर्तमानपत्र घडी करून ठेवलंत आणि म्हणालात, "कापूसमधलं लोखंड सापडस, त मानूसना आंगवरनं काबर नही सापडाव?"

दोन वर्षं तुम्ही त्या दारापायी काढलीत. चौकट सागवानी हवी आणि तिला एकही खिळा नको, म्हटल्यावर सुताराने तुम्हाला वेड्यात काढलं. रस्त्यावरून ट्रक गेला की दार वाजायचं. विजेचा दाब खालीवर झाला की वाजायचं. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातून मी तुमच्यासाठी पानंच्या पानं हाताने उतरवून आणली. तुम्ही ती माझ्याकडून मराठीत समजून घ्यायचात, आणि मला जे परीक्षेपुरतंच कळलं होतं ते तुम्हाला खरं कळायचं.

आणि मग तुमच्या पुतणीचं लग्न. आठवलं की रागातही हसू येतं. शेडमध्ये माणसं मिळून पाच. दाराची परीक्षा व्हायला गर्दी पाहिजे, म्हणून तुम्ही ते दार टेम्पोत घालून धरणगावला नेलंत आणि थेट मांडवाच्या तोंडाशी उभं केलंत. वऱ्हाड आलं आणि दाराने जे बोंबलायला सुरुवात केली, ती थांबेना. नवरदेवाचे चुलते, ज्यांना सगळे नाना म्हणत होते, दारात अडून उभे राहिले.

"आम्हले काय चोर समजतस का? आम्ही लगीनले येल शेतस का जेलमा?"

"चोर नही, नाना," तुम्ही हात जोडलेत. "दारले शिकाडी ऱ्हायनू."

"मंग त्याले शाळामा टाक. मना पोटवर काबर वाजी ऱ्हायनं?"

सगळा मांडव हसला. नानाही हसले. पण तुम्ही हसला नाहीत. तुम्ही नानांच्या पोटाकडे बघत राहिलात. तिथे चांदीचा करदोडा होता. बायकांच्या पायांत चांदीचे वाळे होते. दाराला चांदी कळत होती, लोखंड कळत होतं. कुठे आहे ते सांगता येत नव्हतं. त्याच संध्याकाळी पंगतीत बसल्या बसल्या तुम्ही मला सांगितलंत की दाराचे तीन भाग करायचे, तिन्हींच्या कॉइल वेगळ्या, आणि चौकटीवर तीन दिवे: पायाशी एक, कमरेशी एक, छातीशी एक. ज्या उंचीला धातू, तो दिवा लागेल. तुमचं जेवण तसंच राहिलं. भाऊ, मी तेव्हापासून पुष्कळ शिकलेल्या माणसांत वावरलो आहे. असं, डोळ्यांसमोर, एखाद्याला सुचताना मी पुन्हा पाहिलं नाही.

पुढे मी विमानतळांवरच्या उपकरणांची चाचणी घेणाऱ्या सरकारी विभागात लागलो, आणि काही दिवसांनी तुमच्या दाराचा अर्ज त्याच विभागात आला. साहेबांनी मला बोलावलं. "हे जळगावचं आहे. तुम्ही तिकडचेच ना? ओळख आहे का?"

मी म्हणालो, "नाव ऐकलं आहे."

असं का म्हणालो, ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. माझं परिवीक्षेचं, म्हणजे नोकरीत कायम होण्याआधीचं, वर्ष चालू होतं. ओळख आहे म्हटलं असतं तर त्या कामातून मला वगळलं असतं, आणि मला तिथे असायचं होतं. तुमच्या दाराला 'पास' लिहिणारा हात माझा असावा, असं वाटत होतं. हे कारण खरं आहे. पण त्यात भीतीही होती, आणि ती किती होती ते मी आजही नीट सांगू शकत नाही.

चाचणी जळगावबाहेरच्या धावपट्टीवर झाली. मी जीपमधून उतरलो आणि तुम्ही पुढे आलात. साहेब बाजूला होते. मी तुम्हाला म्हणालो, "आपणच का ते दार बनवणारे?" तुम्ही माझ्याकडे क्षणभर पाहिलंत आणि म्हणालात, "होय साहेब." त्या दिवशी तुम्ही मला सहा-सात वेळा साहेब म्हणालात. ते ऐकून तुमच्याबरोबर आलेल्या गावच्या माणसांनीही मला ओळख दाखवली नाही.

सकाळचा भाग चांगला गेला. पिस्तुलाच्या वजनाचा लोखंडी तुकडा आमचा शिपाई कधी पायमोज्यात, कधी पट्ट्यात, कधी बगलेत धरून दारातून गेला. दार एकदाही चुकलं नाही, आणि दर वेळी बरोबर तोच दिवा लागला. साहेबांनी मान डोलावली. दुसरा भाग साध्या माणसांचा. धावपट्टीवर प्रवासी नव्हते, म्हणून माणसं तुम्ही आणायची होती. त्यांनी अंगावरचा सगळा धातू काढून ठेवायचा आणि एकेकाने दारातून जायचं. दार वाजलं तर तो खोटा इशारा. खोटे इशारे ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की दार नापास. नियम साधा होता.

तुम्ही आपलीच माणसं आणलीत. धरणगावकडची, भावकीतली, त्याच मांडवातली. इथूनच माझं भांडण सुरू होतं. तुम्हाला माहीत होतं, भाऊ. तुम्ही नानांचं पोट पाहिलं होतं. आठवडाभर आधी तुम्ही निरोप धाडला होता की चांदीचे करदोडे घरी ठेवा, एक दिवस साधा काळा दोरा बांधा. सगळे 'हो भाऊ' म्हणाले. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणत नाहीत. हो म्हणतात आणि करायचं ते करतात. करदोडा बाप गेल्यावर तुटतो. एरवी बाप जिवंत असताना कोण काढेल? त्या रांगेत पुढे बाप होते आणि मागे त्यांचे मुलगे होते. किल्ल्या, घड्याळं, तंबाखूच्या डब्या, सगळं त्यांनी इमानाने टोपलीत टाकलं. करदोडा त्यांच्या हिशेबी वस्तू नव्हतीच, अंग होतं.

पहिला माणूस गेला. दार गप्प. दुसरा गेला, दार वाजलं, मधला दिवा लागला. तिसरा गेला, मधला दिवा. मला तिथेच कळलं. साहेब म्हणाले, "लिहा." मी तक्त्यात 'खोटा' असं लिहिलं. पुन्हा मधला दिवा, पुन्हा 'खोटा'. रांगेतले तुमचे चुलते, आपले आबा, दारातून गेले आणि ते वाजलं, तेव्हा साहेब हसून म्हणाले, "हे दार आहे की कोंबडं? दर माणसामागे आरवतंय." बरोबरचे हसले. मीही हसलो. हेही लिहून ठेवतो.

चहाच्या वेळी मी तुम्हाला पत्र्याच्या खोलीमागे गाठलं. आठवतं? सबंध दिवसात आपण तेवढंच आपल्यासारखं बोललो.

"भाऊ, मधल्या भागाचा स्क्रू अर्धा फेरा मागे घ्या. दिवाच लागणार नाही. कुणाला कळणार नाही."

"कमरले पिस्तूल खोसतस रे, गळामा नही."

"आजच्यापुरता."

"आजनापुरता घेसू, मंग साहेब तोच फेरा कायम ठेवतीन. रांग लांबली का आखो मागे घेतीन. नही."

"मग साहेबांना सांगा. चांदी आहे म्हणून सांगा. एकाचा करदोडा दाखवा, संपलं."

"कोना दाखाडू? आबाना? साहेबस्ना म्होरे आबाले धोतर सोडाले लावू?"

"तुम्ही ही माणसं आणलीतच का?"

"दुसरा मानसे कथाईन आनू? ह्याच मना मानसे शेतस."

एवढं बोलून तुम्ही कप विसळलात आणि निघून गेलात. पहिल्या मुद्द्यावर तुम्ही बरोबर होतात. मी आज इतकी वर्षं याच कामात आहे आणि शपथेवर सांगतो, बरोबर होतात. मी पाहिलंय, गर्दी वाढली की यंत्राचे कान कसे पिळले जातात. पण दुसऱ्या मुद्द्यावर मी तुम्हाला माफ करत नाही. आबांचं धोतर सोडायची गरज नव्हती. एखाद्या तरुणाला खोलीत नेऊन साहेबांना नुसता करदोडा हाताने चाचपू द्यायचा होता. दोन मिनिटांचं काम. दोन वर्षांचं दार तुम्ही दोन मिनिटांच्या संकोचापायी घालवलंत. असं मी स्वतःला सांगत आलो. कारण हे म्हटलं की दुसरं म्हणावं लागत नाही: तक्त्यात शेवटी शेऱ्याचा रकाना होता, आणि पेन माझ्या हातात होतं. 'अंगावर चांदी असण्याची शक्यता, फेरचाचणी घ्यावी.' सहा शब्द. त्यासाठी ही माणसं कमरेला चांदीचा करदोडा बांधतात हे मला माहीत आहे एवढं कबूल करावं लागलं असतं. मग ही माणसं कोण, हेही. मी रकान्यात आडवी रेघ ओढली.

अहवाल गेला: खोटे इशारे प्रमाणाबाहेर. दार परत आलं. तुम्ही पुन्हा मोटारी भरायला लागलात.

पाच-सहा वर्षांनी आम्हाला एका प्रशिक्षणाला पाठवलं. बाहेरून आणलेलं नवं दार दाखवणार होते. शिकवणाऱ्याने मोठ्या कौतुकाने सांगितलं की हे दार धातू कुठल्या उंचीवर आहे तेही सांगतं, आणि त्याने कळ दाबली. चौकटीवर एकाखाली एक दिवे लागले. बाकीचे लोक वहीत लिहून घेत होते. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरलं. धरणगावच्या मांडवात, ताटात वरण निवत असताना हे झालं होतं, हे मी तिथे कुणाला सांगणार होतो? आणि सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की मग त्या दाराचं काय झालं.

दर दिवाळीला मी तुमच्याकडे यायचो. तुम्ही चहा मागवायचात. आईच्या गुडघ्यांची चौकशी, माझ्या बदलीची, मुलीच्या शाळेची. अहवालाबद्दल एक शब्द नाही. दर वर्षी मी ठरवून यायचो की यांनी आज विचारलं की सगळं सांगायचं. तुम्ही विचारायचा नाहीत, आणि मी सुटलो म्हणून आनंदाने फराळ करायचो. तुमच्या त्या शांतपणाचा मला संताप यायचा. 'का लिहिलंस रे असं?' एवढं म्हणून एक थोबाडीत दिली असतीत, तर मी तुमच्या पायांवर पडलो असतो. पण तुम्हाला काही वाटतच नाही, तुम्ही ते दार विसरलात, अशी मी माझी समजूत करून घेतली होती.

शोकसभेतून उठलो तो सरळ तुमच्या घरी गेलो. वहिनी ओसरीत बसल्या होत्या. मी त्यांना म्हणालो, "वहिनी, ते दार मी नापास केलं. तक्ता मी भरला होता."

त्यांनी डोळे पुसले, पाणी मघाचंच होतं. म्हणाल्या, "माले म्हाईत शे. ते त्याच रोज घर येल व्हतात तवय सांगं. म्हने, तो माले वळखत नही असं दाखाडी ऱ्हायनता. नवी नोकरी शे त्यानी. मी काही बोलनू आसतू, त साहेब म्हनतात का ह्या दोन्ही एकच गावना. त्यानी नोकरी जाती. आम्हले म्हने, तुम्ही बी त्याले कधी काही इचारू नका."



म्हणजे आबांचं धोतर हे कारण होतं, आणि नव्हतं. तुम्हाला बोलता आलं असतं. तुम्ही साहेबांशी वाद घातला असतात तर तो आपल्या गावापर्यंत, करदोड्यापर्यंत, आणि मग माझ्यापर्यंत आला असता, म्हणून तुम्ही गप्प बसलात. आणि दहा दिवाळ्या गप्प बसलात. घरच्यांनाही गप्प बसवलंत. भाऊ, कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मी मागितलं होतं का? माझी नोकरी तुमच्या दारापेक्षा मोठी, हे तुम्ही कुणाला विचारून ठरवलंत? मला इंजिनीअर केलंत आणि एका वाक्याच्या धैर्याची संधीसुद्धा माझ्याकडून काढून घेतलीत. मी भित्रा निघालो असतो कदाचित. तर भित्रा निघालो असतो. निदान ते मला तुमच्या तोंडून ऐकता आलं असतं. तुम्ही मला इतकं जपलंत की माझ्याशी भांडलाही नाहीत. हा उपकार मला नको आहे. बाकीचे सगळे मी डोक्यावर घेतो, हा नाही.

काल मी कचेरीत गेलो. एक पान लिहिलं होतं. त्या दिवशीच्या चाचणीत जे इशारे मी खोटे म्हणून नोंदवले, ते खरे होते. ते कुठल्या धातूचे होते हे मला जागेवरच कळलं होतं. दार बनवणाऱ्याशी माझी जुनी ओळख होती आणि विचारल्यावर मी ती लपवली. खाली सही.

नव्या साहेबांनी ते दोनदा वाचलं. "याचा उपयोग काय? तो माणूस गेला, ते दारही गेलं."

"माहीत आहे."

"तुमच्यावरच चौकशी लागेल. ओळख लपवली म्हणून तुम्हीच लिहून देताय."

"हो."

"कागद परत घ्या. मी पाहिलाच नाही."

मी त्यांना सांगितलं की तो परत घेता येणार नाही, खाली आवक विभागात शिक्का आणि नंबर पडलेला आहे. साहेबांनी कागद उलटा करून ठेवला. मी नमस्कार करून बाहेर आलो.

तुम्ही इतकी वर्षं सांभाळलेली माझी नोकरी आता त्यांच्या टेबलावर पडली आहे, भाऊ. तिचं काय व्हायचं ते होवो. तुम्ही असतात तर मला दारातच अडवून गप्प बसवलं असतंत, आणि मी बसलो असतो.